गुणपत्रिकेची जन्मपत्रिका करू नका !



मे महिन्यात बारावीचा निकाल जाहीर होतो आणि आपल्या वस्त्यांतून दोन प्रकारची घरे दिसू लागतात. एका घरी पेढे वाटले जातात. शेजारच्या घराचे दार भरदिवसा लोटून घेतलेले असते. पेढ्यांच्या घराविषयी मला आज काही लिहावयाचे नाही. मी लिहितो आहे ते दार लोटलेल्या घरासाठी. त्या घरात मुलगा किंवा मुलगी भिंतीकडे तोंड करून बसलेली असते, आई बोलत नसते, आणि दोन-तीन वर्षांपूर्वीच ज्याने हजारो लोकांसमक्ष त्रिशरण-पंचशील ग्रहण केले तो घरधनी उद्गारतो, "आपल्या नशिबातच नव्हते."

नशीब ! बंधूंनो, हा शब्द तुमच्या तोंडी आला कोठून? बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ साली 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचा दर्जा ठरतो हे मत त्यांनी त्यात सपशेल नाकारले आहे. तुम्ही देव्हारे उचलले, पंचांग पाहणे सोडले, बारशाला भटजी बोलावणे बंद केले. आणि परीक्षा मंडळाने एक कागद हाती दिला की तोच कागद जन्मपत्रिकेसारखा वाचू लागलात. जन्मपत्रिकेत शनी वाईट असे. गुणपत्रिकेत गणित वाईट आहे. निष्कर्ष तोच, की पोर पुढे जाणार नाही. मग धर्मांतराने तुमच्या घरात बदलले काय, हे तुम्हीच मला सांगा.

गेल्या निकालानंतर असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले. मातंग समाजातून दीक्षा घेतलेले कुटुंब. गृहस्थ गवंड्याच्या हाताखाली काम करणारे. आले होते ते मुलीच्या शिक्षणाविषयी विचारण्यास नव्हे, घराच्या जागेच्या वादासंबंधी. बोलता बोलता कळले की मुलगी बारावी शास्त्र शाखेत उत्तीर्ण झाली आहे, पण "टक्के फारच कमी" म्हणून तिला एका दुकानात कामास लावण्याचे ठरले आहे. किती टक्के? पदार्थविज्ञान, रसायन व गणित मिळून ३०० पैकी १२९. म्हणजे शेकडा ४३. "वकीलसाहेब, ४३ टक्क्यांना इंजिनिअरिंगला कोण घेतो? शेजारच्या मास्तरांनीच सांगितले."

मास्तरांनी अर्धेच सांगितले होते, आणि अर्धवट सांगितलेला कायदा अज्ञानापेक्षा अधिक घातक असतो. अभियांत्रिकीच्या पदवीस पात्र होण्यासाठी त्या विषयांत खुल्या प्रवर्गास शेकडा ४५ लागतात. महाराष्ट्रातील मागासवर्गीय उमेदवारास शेकडा ४०. ३०० पैकी ४५ टक्के म्हणजे १३५. ४० टक्के म्हणजे १२०. ही मुलगी पहिल्या रेषेस सहा गुणांनी उणी आणि दुसऱ्या रेषेच्या नऊ गुण वर होती. ती कोणत्या रेषेने मोजली जाणार हे तिच्या बुद्धीवर अवलंबून नव्हते. ते एका दाखल्यावर अवलंबून होते. आणि तो दाखला घरात नव्हता.

येथे थोडे थांबून, बारावीच्या गुणांचे प्रवेशात नेमके काय स्थान आहे ते नीट समजून घ्या. पुष्कळ घरांत अशी समजूत आहे की बारावीचे गुण म्हणजेच प्रवेश. काही ठिकाणी ते खरे आहे. कला, वाणिज्य व शास्त्र शाखांच्या पदवी महाविद्यालयांत आजही बहुतांशी बारावीच्या गुणांवरच याद्या लागतात, आणि तेथे प्रत्येक गुणाला किंमत आहे. परंतु व्यावसायिक शिक्षणात बारावीचे गुण हा उंबरठा आहे. आत कोण कोठे बसणार ते प्रवेश परीक्षा ठरविते. वैद्यकीय शिक्षणासाठी भौतिक, रसायन व जीवशास्त्रात खुल्या प्रवर्गास ५० टक्के, अनुसूचित जातींना ४०, त्यापुढे नीट. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमास बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे खुल्यास ४५, इतर मागासवर्गास ४२, अनुसूचित जाती-जमातींस ४०. त्यापुढे राज्याची सीईटी. आय.आय.टी.चा उंबरठा मात्र उंच आहे: खुल्यास ७५, अनुसूचित जातींस ६५, किंवा आपापल्या मंडळात वरच्या २० टक्के उत्तीर्णांत स्थान. उंबरठा ओलांडला की तो किती इंचांनी ओलांडला हे सहसा कोणी विचारीत नाही. त्या गवंडीकाम करणाऱ्या बापाने मुलीचा सीईटीचा निकाल येण्यापूर्वीच तिला दुकानात पाठविण्याचे ठरवून टाकले होते, यातला अन्याय आता ध्यानात येतो काय? ज्या परीक्षेवर क्रम लागायचा तिचा निकाल लागलाच नव्हता. आणि खटला निकालात काढला होता!

आता दाखल्याविषयी. नवदीक्षित कुटुंबांच्या मनात येथे एक गाठ असते आणि ती मला पूर्ण समजते. "आम्ही जात टाकून आलो, मग पुन्हा दाखल्यावर मांग, महार, चांभार लिहून का घ्यायचे? आम्ही बौद्ध, बस्स." या अभिमानापुढे मी नतमस्तक आहे. पण त्याच अभिमानापोटी शाळेच्या दाखल्यावरील जातीचा रकाना रिकामा ठेवणारे आणि मुलाच्या बारावीनंतर माझ्या कचेरीत डोळे पुसणारे बाप मी पाहिले आहेत. दाखला तुमची श्रद्धा सांगत नाही. शतकानुशतके तुमच्या घराण्यावर काय लादले गेले, याची शासनाने दिलेली ती कबुली आहे. सावकाराने छळले म्हणून कोणी कर्जाचा रोखा जाळून टाकीत नाही. तो न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करतो.

आणि हा पुरावा आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे अशी अट होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर लाखो लोक एका दिवसात केंद्राच्या दृष्टीने अनुसूचित जातींच्या बाहेर गेले. दारिद्र्य तेच, गावकुसाबाहेरची झोपडी तीच, सवलत मात्र नाही! महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्याने नवबौद्धांना आपल्या अधिकारातील सवलती दिल्या. पण केंद्राच्या सूचीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे ! या चौतीस वर्षांत किती मुलांची महाविद्यालये हुकली त्याची गणना कोणी केलेली नाही. तेव्हा आज जो माणूस "बौद्ध झालास, आता तुला सवलत नाही" असे सांगतो, मग तो तलाठी असो वा शाळेतील कारकून, त्याला १९९० चा दुरुस्ती कायदा दाखवा आणि उत्तर लेखी मागा. लेखी मागितले की पुष्कळांचे ज्ञान एकाएकी वाढते, असा माझा अनुभव आहे.

जातीचा दाखला पुरेसा नाही, हेही सांगितले पाहिजे. २००० च्या महाराष्ट्राच्या अधिनियमाप्रमाणे त्याची पडताळणी व्हावी लागते, आणि वैधता प्रमाणपत्र वेळेत सादर झाले नाही तर व्यावसायिक प्रवेशात उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो. म्हणजे १२० ची रेषा पुसली जाऊन १३५ ची रेषा पुढे येते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात: आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची कोतवाल बुकातील नोंद, वतनाचे वा जमिनीचे कागद. ज्या समाजाला शाळेच्या ओसरीवरही बसू दिले नाही, त्याच्याकडे पणजोबांचा शाळेचा दाखला मागणे ही केवढी क्रूर थट्टा आहे, हे समितीवरील विद्वानांना कधी जाणवते काय, कोण जाणे. थट्टा असली तरी वेळेत पुरी करावी लागते. मूल अकरावीत गेले की त्याच वर्षी महाविद्यालयामार्फत पडताळणीचा अर्ज करा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका.

"पण वकीलसाहेब, ४० टक्क्यांचे पोर शिकून तरी काय करणार?" असे आपल्यातलेच शिकलेसवरलेले लोक विचारतात, तेव्हा मला विशेष चीड येते. त्यांना मी एक गुणपत्रिका दाखवितो. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. ७५० पैकी २८२ गुण. शेकडा काढा: ३७.६. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

त्या काळचे गुणदान आणि आजचे गुणदान यांची सरळ तुलना करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हाचे परीक्षक हात आखडून गुण देत. पण मग गुण हा परीक्षकाच्या हाताच्या सवयीचा आकडा झाला ना? तो माणसाच्या मेंदूचे वजन कसा होईल? आणि त्या आकड्याच्या पाठीमागे काय होते तेही पाहा. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ते शिकू दिले नाही म्हणून पत्करलेली फारसी. परळच्या चाळीतली एक खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच निजणे, त्यातच अभ्यास. २८२ या आकड्यात यांपैकी काही नोंदलेले आहे काय?

आपल्या वडीलधाऱ्यांनी त्या गुणांचे काय केले? त्यांनी दार लोटून घेतले नाही. त्यांनी सभा भरविली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या मुलाच्या हाती दिले. ३७ टक्क्यांच्या त्या सत्कारात बुद्धाचा ग्रंथ भीमरावांच्या हाती पडला, आणि एकोणपन्नास वर्षांनी त्याच हातांनी नागपूरला लाखोंना दीक्षा दिली. पुढे इंटरनंतर पैसा संपला तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव महाराजांकडे नेले, महिना २५ रुपये मिळू लागले आणि बी.ए.ची वाट मोकळी झाली. तेव्हा मॅट्रिक उत्तीर्ण होणे हाच महाविद्यालयाचा परवाना होता. कोणी टक्क्यांची चाळणी लावली नाही. आज अभियांत्रिकीला मागासवर्गासाठी जी ४० ची रेषा आहे, तिच्याही खाली तो आकडा राहतो ! तो १९१३ साली कोलंबियास गेला आणि १९२३ साली लंडनची डी.एस्सी. घेऊन उभा राहिला.

म्हणूनच बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद म्हणून गाजलेले महाविद्यालय उघडले, तेव्हा खेड्यातून अर्धपोटी आलेल्या, बेतास बात गुणांच्या मुलांसाठी ती दारे उघडली. आज आपल्या नावाने चालणाऱ्या काही संस्थांच्या भिंतींवर गुणवत्ता याद्यांचा जो अभिमान मिरवला जातो, तो पाहून मी मनात हिशेब करतो की त्या यादीत १९०७ सालचा तो विद्यार्थी कितव्या पानावर आला असता.

आता गुणवत्तेचे ठेकेदार. यांचा युक्तिवाद तुमची मुले वसतिगृहात, वर्गात, रेल्वेच्या डब्यात रोज ऐकतात: "तुम्हाला काय, ४० टक्क्यांना सीट !" मुलांनी यावर मान खाली घालू नये, काय उत्तर द्यावे ते आपण घरात शिकविले पाहिजे.

खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत अनिवासी भारतीयांसाठी शेकडा १५ पर्यंत जागा ठेवण्यास इनामदार खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुभा दिली. त्या जागांवर गुण खाली आले तरी चालतात, शुल्क तेवढे वर गेले पाहिजे. पंजाबात तर या जागांसाठी दूरचे काका-मामाही अनिवासी म्हणून जोडण्याची सोय केली गेली. २०२४ साली उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही शासनाला थारा दिला नाही. या १५ टक्क्यांविरुद्ध गुणवत्तेचा मोर्चा निघालेला तुम्ही पाहिला आहे काय? दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. वैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशात राखीव प्रवर्गास शेकडा २० आणि खुल्यास शेकडा ४५ हे अंतर फार आहे, त्याने शिक्षणाचा दर्जा घसरेल, असे १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रीती श्रीवास्तव खटल्यात म्हटले. ठीक. तो निर्णय आपल्याविरुद्ध गेला, तो मी लपवीत नाही. पण त्याच पदव्युत्तर वैद्यकात जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा २०२३ साली पात्रतेची पर्सेंटाइल सर्व प्रवर्गांसाठी शून्यावर आणली गेली. शून्य ! परीक्षेस बसला तो पात्र. आपल्या पोराचे २० म्हणजे देशाच्या आरोग्यास धोका, आणि जागा विकल्या गेल्या नाहीत की सर्वांचे शून्य चालते. गुणवत्तेची ही तराजू कोणत्या बाजारातून आणली, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

न्यायालयांनी नेहमीच आपल्याविरुद्ध पाहिले असेही नाही. मध्य प्रदेशाने वैद्यकीय पूर्व परीक्षेत अनुसूचित जाती-जमातींसाठी किमान गुणांची अट पूर्ण शिथिल केली होती. निवेदिता जैन खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. कारण साधे होते: आत गेल्यावर अभ्यासक्रम तोच, अंतिम परीक्षा तीच, ती उत्तीर्ण झाल्याखेरीज कोणी डॉक्टर होत नाही. २०२२ साली नील ऑरेलियो नुनेस खटल्यात तर न्यायालयाने स्पष्ट केले की परीक्षेतील उच्च गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, कारण कुटुंबाची ऐपत, शिकवणी, घरातील शिक्षणाचा वारसा या साऱ्यांचा त्या गुणांत वाटा असतो.

मात्र माझ्या या लिखाणाचा आधार घेऊन अभ्यास सोडणारा विद्यार्थी माझा शत्रू समजावा. कमी गुण महाग पडतात, आणि ते कोठे पडतात ते पालकांस सहसा कळत नाही. शासकीय वसतिगृहात प्रवेश गुणानुक्रमे मिळतो. पदवीला शहरात जागा मिळाली आणि वसतिगृहात मिळाली नाही, की खेड्यातला मुलगा दिवाळीपर्यंत परत येतो. महाविद्यालय त्याला काढीत नाही, खोलीचे भाडे काढते. आणि प्रवेश परीक्षेवर सारा भर आल्यापासून शिकवणीच्या वर्गांचे शुल्क हेच नवे गावकूस झाले आहे, हे मी वेगळे सांगावयास नको.

गुण खरोखरच कमी पडले तर? रडण्याआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. त्यानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. त्याची मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती संपल्यावर कोणताही वकील उपयोगाचा नाही. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाला असेल तर पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळा-पावसाळ्यात होते. उत्तीर्ण आहे पण उंबरठ्यास दोन-चार गुण उणा आहे, तर मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येते. दहावीच्या बळावर तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात जाण्याचा मार्ग आहे. नोकरी करणाऱ्यासाठी १९८९ पासून नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे. एक वर्ष गेले तर बिरादरीत नाक कापले जाते, ही भीती टाका. आपण बिरादरीच टाकून आलो आहोत.

आणखी एका सापळ्याविषयी सावध करतो. कमी गुणांच्या मुलाच्या बापाकडे जूनमध्ये दलाल येतात. "व्यवस्थापन कोट्यातून जागा देतो, सवलत नंतर मिळवून देतो." व्यावसायिक अभ्यासक्रमात शासनाची शिष्यवृत्ती वा शुल्कमाफी केंद्रीभूत प्रवेश फेरीतून गेलेल्यास मिळते, दलालाच्या दारातून गेलेल्यास मिळत नाही. जमिनीचा तुकडा विकून भरलेले शुल्क दुसऱ्या वर्षी कोण भरणार?

तारखा भिंतीवर लिहून ठेवा. उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाने धनबादच्या आय.आय.टी.त जागा मिळविली. साडेसतरा हजार रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. त्याचे गुण कमी पडले नव्हते. गावकऱ्यांकडून पैसे गोळा होईपर्यंत घड्याळ पुढे गेले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून त्याला जागा परत दिली. पण प्रत्येक वस्तीतील मुलाला दिल्लीपर्यंत जाता येत नाही. विहाराच्या दानपेटीतून निकालाच्या दोन महिन्यांपुरती काही रक्कम प्रवेश शुल्कासाठी बाजूला ठेवण्यास काय हरकत आहे? जयंतीच्या ध्वनिवर्धकावर एका रात्रीत याहून अधिक जाते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. सीईटीत तिचे बरे गुण आले. तिच्या पणजोबांची कोतवाल बुकातील नोंद तहसील कचेरीत दोन हेलपाट्यांनंतर सापडली. धर्मांतरित बौद्धांसाठी असलेल्या स्वतंत्र नमुन्यात दाखला निघाला. समितीपुढील सुनावणीच्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, कचेरी उघडावयाची होती, आणि तिचा बाप दारात उभा होता. सिमेंटचे हात कागदांना लागू नयेत म्हणून त्याने सारे मूळ दाखले एका धुतलेल्या उपरण्यात गुंडाळून आणले होते. दुकानदाराला त्याने आदल्याच दिवशी निरोप दिला होता की मुलगी येणार नाही.